स्मार्ट कुलूप सारखं ‘ऑफलाइन’ जातंय? राउटरला हात लावण्याआधी बिजागरी बघा

दुपारी ॲपवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’. संध्याकाळी दारात बोट ठेवलं की आतून मोटरचा घर्र-घर्र आवाज, तीन बीप, आणि दार जिथल्या तिथे. सेल बदलले की पंधरा-वीस दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच.

यावर बहुतेक घरांत एकच उपाय होतो: राउटर रिसेट करायचा, ॲप काढून परत टाकायचं, कुलूप डिलीट करून नव्याने जोडायचं. त्याने बरं वाटतं खरं, पण ते या खटपटीत सेलही नवे पडतात म्हणून. दुखणं बऱ्याचदा वायरलेसमध्ये नसतंच. ते दारात किंवा सेलमध्ये असतं, आणि वाय-फाय तुटणं हे त्याचं शेवटचं लक्षण.

साखळी अशी असते. बोल्ट, म्हणजे कुलपातून बाहेर येणारा दांडा, चौकटीतल्या भोकावरच्या पट्टीला घासतो. मोकळी फिरणारी मोटर जेवढा करंट घेते, त्याच्या कित्येक पट अडकलेली मोटर खेचते. सेल थोडे उतरलेले असले तर त्या झटक्यात व्होल्टेज क्षणभर कोसळतं. त्याच सेलवर वाय-फाय चिप चालते, आणि सिग्नल सोडताना ती स्वतः दोन-तीनशे मिलिअँपिअरचा झटका घेते. व्होल्टेज पडलं की चिप रिसेट होते, राउटरशी नव्याने जोडायला जाते, पुन्हा झटका, पुन्हा रिसेट. चार-सहा प्रयत्नांनंतर कुलूप सेल वाचवण्यासाठी झोपी जातं आणि ॲपवर ‘ऑफलाइन’ उमटतं. म्हणून तपासणीचा क्रम दार, सेल, राउटरची लाईन (म्हणजे वीज) आणि मग सिग्नल असाच ठेवा. उलटा क्रम धरला की शनिवार-रविवार दोन्ही जातात.

आधी दार उघडं ठेवून

दार सताड उघडं ठेवा आणि कोड टाकून कुलूप दहा वेळा लावा-उघडा. मग दार बंद करून हेच दहा वेळा. दोन्ही वेळचा मोटरचा आवाज कान देऊन ऐका.

उघड्या दारात आवाज एकसारखा आणि आखूड, पण बंद दारात लांबलेला, दबलेला किंवा शेवटी कुंथल्यासारखा येत असेल तर दोष दाराचा. दोन्हीकडे कुंथत असेल तर सेल किंवा कुलपाची बसवणी. दोन्हीकडे स्वच्छ चालतंय, कोड-बोट-कार्ड सगळं लागतंय आणि फक्त ॲप रुसलंय, तरच दोष वायरलेसचा. या वीस फेऱ्यांना पाच मिनिटं लागतात आणि निम्मं निदान इथेच होतं.

एक अपवाद ध्यानात घ्या. हँडलवाल्या बऱ्याच स्वस्त कुलपांत मोटर बोल्ट ओढतच नाही. ती आतला क्लच जोडते आणि बोल्ट तुमच्या हाताने, हँडल दाबून सरकतो. अशा कुलपात दार घासत असेल तर मोटर नाही, हँडल जड लागेल. पूर्ण ऑटोमॅटिक, म्हणजे ढकल-ओढ पद्धतीच्या कुलपात सगळा भार मोटरवर, त्यामुळे दाराचे लाड तिथे जास्त करावे लागतात.

सोबत नोंद ठेवा. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा आणि सिलिंडरचा हिशोब असतो, त्यावरच बिघाडाची तारीख आणि वेळ लिहा. दुपारी एक ते चारमध्ये येणारा बिघाड उन्हाचा असतो. लाईन जाऊन आल्यावर येणारा राउटरचा. झडीच्या दिवसांतला लाकडाचा. पहाटे तीनला रोज एकाच वेळी येणारा राउटरच्या स्वयंचलित रीस्टार्टचा, तो बंद करता येतो.

नागपूरचं दार वर्षातून तीनदा बदलतं

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात पावसाळ्यात दार फुगतं एवढंच येतं. इथे उन्हाळ्यातही फुगतं, आणि त्याचं कारण कूलर. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हाड वाळवणारी कोरडी हवा. आत हॉलमध्ये कूलर दिवसभर ओलावा ओततोय. दाराची आतली बाजू ओलावा पिते, बाहेरची भाजून आकसते. फ्लश डोअर अशा वेळी धनुष्यासारखं किंचित वाकतं. दोन मिलिमीटरचा बाक डोळ्यांना दिसत नाही, बोल्टला मात्र तो भिंतीसारखा. कूलरचा झोत थेट दारावर येत असेल तर तो आधी वळवा. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी वीतभर उघडी ठेवा. कूलरला तसंही हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली फक्त दमट होते, गार होत नाही.

मग जूनच्या मध्यानंतर खरा पाऊस, आणि लाकूड सगळ्या बाजूंनी फुगतं. हा फुगवटा साधारण पोळ्यापर्यंत राहतो. डिसेंबर-जानेवारीत तेच दार वाळून आत येतं आणि फट इतकी वाढते की दार लागलंय की नाही हे ओळखणारा चुंबकाचा सेन्सर गोंधळतो: दार लावलेलं असतं, ॲप म्हणतं ‘दार उघडं आहे’, ऑटो-लॉक लागत नाही.

म्हणून भर पावसाळ्यात सुताराला बोलावून दार रंधून घेऊ नका. जुलैत चार मिलिमीटर काढले की जानेवारीत बोटभर फट दिसते. रंधा मारायचाच तर एक-दीड मिलिमीटर, आणि तोही घासतंय त्याच जागी.

घासतंय कुठे, हे शोधायची सोपी युक्ती आहे. बोल्टच्या टोकाला ओलं कुंकू लावा (पांढऱ्या चौकटीवर खडू दिसत नाही), दार बंद करून कुलूप एकदा लावा, उघडा. चौकटीतल्या पट्टीवर ठसा उमटतो. ठसा भोकाच्या खालच्या काठावर असेल तर दार लटकलंय. बाजूच्या काठावर असेल तर दार नीट दाबून बसत नाही किंवा वाकलंय. भोकाच्या आत, तळाशी असेल तर भोकच उथळ आहे. बोल्ट पूर्ण बाहेर येत नाही आणि मोटर दर वेळी तळाला धडक देते. हा तिसरा दोष फार आढळतो, कारण बसवणारा माणूस घाईत असतो आणि चौकटीचं लाकूड कठीण. बोल्ट पूर्ण बाहेर काढून फूटपट्टीने मोजा आणि पटाशीने भोक त्याहून तीन-चार मिलिमीटर खोल करा.

लटकलेल्या दारासाठी आधी वरची बिजागरी बघा. दार अर्धवट उघडून हँडल धरून वर उचला. वरच्या बिजागरीत हालचाल जाणवली तर स्क्रू सैल आहेत. नुसते आवळून उपयोग नाही, भोकं मोठी झालेली असतात. जुने स्क्रू काढा, भोकात बांबूच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठासा, रात्रभर वाळू द्या, आणि ५० ते ६५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू टाका. कुलपाचं वजन दाराच्या मोकळ्या बाजूला लटकतं. जुन्या दारात भरलेले पाऊण-एक इंची स्क्रू त्यासाठी नव्हतेच.

दार आणि चौकट यांच्यात वरून आणि बाजूने साधारण ३ मिलिमीटर फट हवी. मोजायला फीलर गेज लागत नाही. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. चार कार्डं एकावर एक ठेवून फटीतून सरकवा. अडली तिथे खूण करा.

पट्टीचं भोक किंचित चुकलं असेल तर पट्टी हलवण्यापेक्षा अर्धगोल कानशीने भोकाचा काठ एक-दोन मिलिमीटर घासणं सोपं. पत्र्याची पट्टी असल्यास पाच मिनिटांचं काम. घासल्यावर लोखंडाचा चुरा पुसून घ्या, तो बोल्टबरोबर कुलपात जातो.

आणि एक काम जे जवळपास कुणीच करत नाही: दाराची वरची आणि खालची कड रंगवणं. समोरून दाराला पॉलिश असतं, पण वरच्या कडेवर हात फिरवला तर कोरं लाकूड लागतं. ओलावा सगळ्यात जास्त तिथूनच शिरतो. मेअखेरचा नवतपा सुरू होण्याआधी, लाकूड कोरडं असताना, दार उतरवून दोन्ही कडांना प्राइमर आणि रंगाचे दोन हात द्या. कुलूप बसवण्यासाठी जे खोबण कोरलं, त्याच्या आतल्या कोऱ्या लाकडालाही एक हात. तेवढ्याने पावसाळ्यातला फुगवटा पूर्ण जात नाही, पण बराच आवरतो.

दार ठीक असून उघड्या दारातही मोटर कुंथत असेल तर कुलपाचे आरपार स्क्रू थोडे ढिले करून बघा. ड्रिल मशीनने आवळलेले स्क्रू पुढची-मागची प्लेट इतकी दाबतात की मधली पेटी आवळली जाते आणि बोल्ट जड होतो. ते हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, दोन्ही बाजू आळीपाळीने, बेताने आवळायचे. उघडलंच आहे तर पुढच्या भागाकडून मागे येणारी वायर प्लेटखाली चेपलेली नाही ना तेही बघा. दार जोरात आपटलं की कुलूप मरतं आणि थोड्या वेळाने आपोआप जिवंत होतं, हे चेपलेल्या वायरचं किंवा अर्धवट बसलेल्या कनेक्टरचं पक्कं लक्षण.

सेल

‘सेल नवे आहेत’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरवर ठेवा. नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलचं व्होल्टेज १.५५ ते १.६ असतं. कुलपातून काढलेला सेल १.३५ च्या खाली दिसला तर भिंतीच्या घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये तो अजून काही महिने चालेल, कुलपात नाही. चार सेलपैकी एकच बराच खाली असेल तर तो सेट आधी कधीतरी जुना-नवा मिसळलेला होता. चारही (किंवा आठही) एकदम, एकाच पाकिटातले टाका. मिसळलेल्या सेटमध्ये दुबळा सेल आधी संपतो, बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, आणि तो पाझरतो.

सेलचे प्रकार नीट ओळखा, कारण दुकानात सगळे एकाच काचेत टांगलेले असतात.

‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले स्वस्त सेल बहुतेक झिंक-कार्बनचे असतात. नाव भारदस्त, पण मोटरचा झटका त्यांना पेलत नाही. अल्कलाइन हा शब्द सेलवर छापलेला असला पाहिजे.

साधे रिचार्जेबल, म्हणजे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे. चार मिळून ४.८ होतात, अल्कलाइनचे ६. पूर्ण चार्ज करून टाकले तरी बरीच कुलपं पहिल्या दिवसापासून ‘बॅटरी कमी’ ओरडतात.

यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल मोहात पाडतात. ते शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतात आणि मग एकदम बंद पडतात. कुलूप व्होल्टेज बघून बॅटरीचा अंदाज बांधतं, म्हणून ॲपवर भरलेली बॅटरी दिसते आणि पुढच्या मिनिटाला दारात अंधार. कुलपाच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर ते नकोत. दिसायला पेन्सिल सेलसारखेच पण ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही बाजारात मिळतात. चार टाकले तर १४.८ व्होल्ट होतात आणि बोर्ड जळतो. तिथे दुरुस्ती नाही, नवं कुलूप.

पाझरलेला सेल निघाला तर संपर्काच्या स्प्रिंगवरची पांढरी बुरशी नखाने खरवडू नका. अल्कलाइनचा पाझर क्षारीय असतो, त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मारतं. कानकोरणीच्या कापसाला थेंबभर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तासभर वाळू द्या. स्प्रिंग काळी पडून पातळ झाली असेल तर ती बदलावीच लागते.

कुलपात लिथियमचा पॅक असेल तर हिशोब वेगळा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. पश्चिमेच्या दारावर मेच्या दुपारी काळ्या कुलपाचं अंग हवेपेक्षा बरंच जास्त तापतं. अशा वेळी दारावरच पॉवर बँक लावून चार्ज करणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य कापणं. पॅक काढून रात्री घरात चार्ज करा, जमलं तर दुसरा पॅक जवळ ठेवा. फुगलेला पॅक लगेच बाजूला काढा.

मोटर घासत नसताना अल्कलाइन सेटने काही महिने तरी काढायला हवेत. महिन्याभरात संपत असेल आणि दार स्वच्छ असेल तर संशय कमकुवत वाय-फायवर घ्या. सिग्नल शोधत राहणारं कुलूप झोपतच नाही.

लाईन जाऊन आली की कुलूप हरवतं

अवकाळीचा वारा सुटला, लाईन गेली, दहा मिनिटांनी आली. फायबरचा डबा आणि राउटर पूर्ण उभे राहायला दोन-तीन मिनिटं घेतात. कुलूप मधल्या वेळात काही वेळा हाक मारतं, उत्तर येत नाही, झोपून जातं. पुढे कुणी कीपॅडला हात लावेपर्यंत ते तसंच. त्या दिवशी तुम्ही ऑफिसात असाल तर ॲप संध्याकाळपर्यंत मुकं.

कुलपात काही बदलण्याची गरज नाही, राउटर बंदच पडू देऊ नका. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का ते आधी बघा. पुष्कळ घरांत पंखे-दिवे इन्व्हर्टरवर आणि टीव्हीमागचा बोर्ड मात्र थेट लाईनवर असतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा: व्होल्टेज तंतोतंत तेवढंच हवं, बहुधा १२, आणि अँपिअर लेबलइतके किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन आउटपुटचा घ्या, नाहीतर वाय-फाय दिसेल आणि इंटरनेट नसेल.

लाईन गेलीच नाही तरी राउटर स्वतःहून रीस्टार्ट होतोय का, हे त्याच्या सेटिंगच्या पानावरच्या ‘अपटाइम’वरून, म्हणजे सलग किती वेळ चालू आहे त्यावरून, कळतं. तो दोन-चार तासांचाच दिसत असेल आणि कुणी बंद-चालू केलेलं नसेल, तर ॲडॅप्टर बदला. बंद टीव्ही युनिटमध्ये उन्हाळे काढलेल्या ॲडॅप्टरचे कपॅसिटर सुकतात. त्याला हात लावला तर चटका बसतो. नवा ॲडॅप्टर नव्या राउटरपेक्षा फार स्वस्त पडतो.

आता वाय-फाय

मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझरचं कुठलंही मोफत ॲप घ्या, दार बंद करा, आणि फोन कुलपाच्या आतल्या बाजूला, त्याच उंचीवर टेकवून सिग्नलचा आकडा (dBm) वाचा. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६० किंवा त्याहून चांगला असेल तर उत्तम. उणे ६७ पर्यंत चालतं. उणे ७५ च्या पुढे कुलूप कधी लागेल कधी नाही. फोनचा अँटेना कुलपापेक्षा चांगला असतो, तेव्हा वाचलेल्या आकड्यातून मनातल्या मनात पाच-सहा वजा करा. आणि आकडा घ्या तो कूलर भरलेला आणि चालू असताना. लोखंडी पत्र्याची बॉडी आणि टाकीतलं पाणी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात. फेब्रुवारीत बसवलेलं कुलूप एप्रिलमध्ये बिघडलं तर मधल्या काळात राउटर आणि दार यांच्या रेषेत कूलर आला का, हे विचारा. लोखंडी कपाट आणि फ्रिजचंही तेच.

राउटर टीव्हीमागून काढून छातीच्या उंचीवर उघड्यावर ठेवा. दार नऊ इंची भिंतीपलीकडे किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावर असेल तर दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा आणखी एक डबा, लागेल. शक्यतो लॅनच्या तारेने जोडलेला. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) वापरायचा तर दाराशी लावू नका, जिथे सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे अशा मधल्या जागी लावा. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार.

राउटरच्या सेटिंगमध्ये या गोष्टी बघा. बहुतेक कुलपं २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ वर नाही. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर वेगळी नावं द्या. चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ पैकी शेजारच्यांची गर्दी कमी असेल तो ठेवा. आपल्याकडे १२ आणि १३ हे चॅनेलही चालतात, पण काही कुलपांचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) ११ पर्यंतच बघतं. राउटर रात्री आपणहून १३ वर गेला की सकाळी कुलपाच्या दृष्टीने घरात वाय-फायच नाही. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. सुरक्षा डब्ल्यूपीए२-एईएस, डब्ल्यूपीए३ किंवा मिश्र पद्धतीवर जुनी चिप अडते. नव्या राउटरमध्ये २.४ वरचं वाय-फाय ६ बंद करता येत असेल तर करून बघा. राउटर उपकरणांना पत्ते वाटतो त्या डीएचसीपीच्या पानावर कुलपाला कायमचा पत्ता राखून ठेवा. आणि वाय-फायचं नाव देवनागरीत किंवा बदामाच्या चिन्हासह ठेवलं असेल, तर हौस समजते, पण कुलपासाठी साधं रोमन अक्षरांचं, मधे जागा न सोडलेलं नाव द्या.

फायबरवाल्याने डबा बदलला किंवा दुरून अपडेट केला की हे सगळं मूळपदावर जाऊ शकतं. सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

एक गैरसमजही इथेच. सेलवर चालणारी बरीच वाय-फाय कुलपं सतत ऐकत बसत नाहीत. बाहेरून कुणी बेल दाबली किंवा कीपॅडला हात लावला की ती जागी होतात, आणि तेवढ्या मिनिटभरातच दुरून उघडता येतात. हा बिघाड नाही, बांधणीच तशी आहे. पाहुणा दारात आल्यावर त्याला आधी बेल दाबायला सांगा, मग ॲप उघडा. सतत दुरून उघडायची सोय हवी असेल तर ब्लूटूथ किंवा झिग्बी (स्मार्ट उपकरणांची कमी विजेवर चालणारी वायरलेस पद्धत) कुलूप आणि त्याला इंटरनेटशी जोडणारा, प्लगमध्ये बसणारा गेटवे ही जोडी घ्या.

गेटवे आणि भिंतीवरचं बटण

गेटवेचा सगळ्यात मोठा शत्रू आपल्या भिंतीवर आहे: प्रत्येक प्लगला बटण. आजी झोपायला जाताना ‘कशाला लाईट जाळता’ म्हणून सगळी बटणं खाली करतात, आणि त्यांचं चुकत नाही. गेटवेचं बटण चिकटपट्टीने बंद करून वर ‘हे बंद करू नये’ असं लिहा. झिग्बीमध्ये हे आणखी खोल जातं. मधल्या खोलीतला स्मार्ट प्लग कुलपाचा निरोप पुढे पोचवत असतो. तो भिंतीवरून बंद झाला की कुलूप आपला वाटाड्या गमावतं आणि नवा शोधायला त्याला वेळ लागतो.

गेटवे दारापासून तीन ते पाच मीटरवर, राउटरपासून किमान एक मीटर दूर. वाय-फाय चॅनेल १ वर असेल तर झिग्बी त्याच्या चॅनेल २० किंवा २५ वर ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांवर ओरडत नाहीत.

बोट, कोड, ऊन

बोट लागत नसेल तर आधी काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. एकच बोट तीन वेगवेगळ्या कोनांतून नोंदवा, आणि दोन्ही हातांचं एकेक तरी. हिवाळ्यात कोरडी पडलेली कातडी, भांडी घासून सुरकुतलेली बोटं, वयाने झिजलेल्या रेषा यांवर सेन्सरशी भांडण्यात अर्थ नाही. कार्ड किंवा कोड द्या.

कामवाल्या मावशींना सकाळी सात ते नऊचा कोड दिलाय आणि तो सातला लागत नाही, तर कुलपाचं घड्याळ चुकलंय. सेल काढल्यावर काही कुलपांचं घड्याळ थांबतं किंवा मागे पडतं. फोन कुलपाजवळ नेऊन ब्लूटूथने ॲप जोडा आणि वेळ जुळवा. इंटरनेटशिवाय तयार होणारे तात्पुरते कोडही त्याच घड्याळावर चालतात. सेल बदलला की वेळ जुळवायची, हे अंगवळणी पडू द्या.

थेट पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या कुलपावर फूटभर छज्जा किंवा निदान फिक्या रंगाचं झाकण हवं. बरीच कुलपं ५५ ते ६० अंशांपर्यंतच चालायची हमी देतात. नवतप्यात काळ्या धातूला तो आकडा गाठायला वेळ लागत नाही. पावसात टच कीपॅडवर पाण्याचे थेंब आपोआप आकडे दाबतात आणि कुलूप चुकीच्या कोडसाठी पाच मिनिटं गोठतं. त्यावरही छज्जाच.

दारातच अडकलात तर

कुलपाच्या खालच्या बाजूला धातूचे दोन गोल ठिपके असतील तर ९ व्होल्टचा चौकोनी सेल त्यांना टेकवून धरा आणि धरलेला असतानाच कोड टाका. त्याने आतले सेल चार्ज होत नाहीत. काढला की कुलूप पुन्हा बंद. दोन सेकंदांत प्रकाश आला नाही तर सेल उलटा धरून बघा.

यूएसबी-सी खोबण असेल तर दोन्ही टोकांना सी असलेली वायर आणि फास्ट चार्जर काही कुलपांवर वीजच देत नाहीत, कारण कुलपात चार्जरला ओळख सांगणारे दोन रेझिस्टर टाकलेले नसतात. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली साधी वायर वापरा. पॉवर बँक एवढ्या कमी करंटवर काही सेकंदांत आपोआप बंद होते; तिचं बटण दाबत कोड टाका.

आणि लोखंडी किल्ली. दर दोन-तीन महिन्यांनी ती घालून एकदा फिरवा. जड लागली तर तेल सोडू नका, इथल्या धुळीत तेलाची राबडी होते. ग्राफाइटची पूड चिमूटभर फुंका. पूड इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते, नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या खाचांवर घासा. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवा, दुसरी गाडीच्या डिक्कीत. आत कुणी असताना वरची चिटकणी लावली असेल तर मात्र सेल, कोड, किल्ली काहीच चालत नाही, बेलच वाजवावी लागते.